धावपट्टीचा बडग्या काढा!

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

मी नागपूर विमानतळाजवळच्या सोनेगावात राहणारी निवृत्त शिक्षिका. विमान उतरतं तेव्हा आमच्या कपाटातली भांडी वाजतात, त्याची सवय झाली. पण विमानतळ वाढवायचा म्हटलं की जमीन लागते, झाडं जातात आणि विरोध करणारे आपण फक्त निवेदन देतो. निवेदनाची पोच मिळते, बस्स!

लंडनच्या हीथ्रोला तिसरी धावपट्टी होऊ नये म्हणून 2009 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने सिपसन गावाजवळ नियोजित जागेतलाच एक तुकडा विकत घेतला आणि हजारो लोकांना त्याचे भागीदार करून घेतलं. भूसंपादन करा म्हणावं आता, एकेकाला नोटीस धाडून! पुढच्याच वर्षी तिथल्या पडीक काचघरात कार्यकर्त्यांनी भाजीपाला पिकवला. फ्रान्समध्ये नोत्र-दाम-दे-लांदला नवा विमानतळ होऊ नये म्हणून लोक शेतातच घरं बांधून राहिले. 2018 मध्ये सरकारने प्रकल्प सोडला. हीथ्रोचं भूत मात्र पुन्हा उठलंय, हेही सांगायला हवं.

आपल्याला बाहेरून शिकायचंही कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणारे पुतळे, मिरवत निघते, सोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे खिल्ली उडवणारे पुतळे. मग तोडल्या जाणाऱ्या कडुनिंबांच्या नावाने एक बडग्या का नाही? विमानतळाशेजारच्या शिवणगावच्या म्हाताऱ्यांना पुढे चालू द्या, मागून पोरं ओरडतील, ‘घेऊन जा गे मारबत!’ बडग्याला लागणारे बांबू आणि जुनी लुगडी माझ्याकडे आहेत.

एक वाचक, सोनेगाव, नागपूर