बंड्यास, दोन शंखांबद्दल

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या. तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच.

लिहायला बसलो ते एका लेबलापायी. संग्रहालयातल्या खोल समुद्राच्या कपाटासाठी माझ्याकडे दोन ओळी मागितल्यात. कपाटात एन्टेमनोट्रोकस या समुद्री गोगलगायींच्या गोताचे दोन शंख शेजारी ठेवलेत: एक कॅरिबियनमधला ॲडन्सोनियानस, दुसरा जपान-इंडोनेशियाकडचा रम्फी. ओठाला तीच लांब खाच. १८५५पर्यंत हे घराणं फक्त जीवाश्मांतून माहीत होतं. एकच गोत इतक्या लांबच्या दोन समुद्रांत पोचलं कसं, हा आपला जुना वाद. ते बघताना हॉस्टेलच्या गच्चीवरचा तू आठवलास: "डिंभ, म्हणजे त्यांची पिल्लं, गेले असतील रे वाहत!"

अरे, किती वाहणार? यांचे डिंभ अंड्यातल्या बलकावर जगतात आणि लवकर तळ गाठतात. त्यापेक्षा टेथिस या प्राचीन समुद्राचं उत्तर सरळ आहे. आफ्रिका-अरबस्तान आणि युरेशिया यांच्यामधून पूर्व-पश्चिम पाणी होतं, त्यातून हे गोत पसरलं. मायोसीनमध्ये, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या काळात, अरबस्तान युरेशियाला भिडला, वाट बुजली, भाऊबंद दोन टोकांना राहिले. सगळे हेच लिहितात. मीही लिहिलं असतं.

पण मधला साक्षीदार, म्हणजे भूमध्य समुद्र, तोंडच उघडत नाही. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी त्याचा अटलांटिकशी संबंध तुटत गेला, पाणी आटलं, तळाशी मिठाचे जाड थर साचले. खोलातले जुने शंख-शिंपले जवळजवळ संपले. ५३ लाख वर्षांपूर्वी तो पुन्हा भरला, पण जिब्राल्टरचा, म्हणजे अटलांटिककडून आत यायच्या सामुद्रधुनीचा, उंबरठा जेमतेम ३०० मीटर खोल. त्याखाली राहणाऱ्यांनी आत यायचं कसं? आलेच तरी तळाचं पाणी १३ अंशांच्या आसपास, थंडीला सरावलेल्यांना ते कुठून मानवणार! आज तिथल्या तळाशी मृदुकाय (शंख-शिंपल्यांतले प्राणी) मोजकेच, तेही बहुतेक नंतर आलेले अटलांटिकवाले. जिथे पुरावा असायला हवा, नेमकी तीच पाटी कोरी.

आणि हे लिहिताना हात जड होतोय: दोन अमेरिकांमधली पनामाची जमीन पूर्ण जुळली ती सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी. तोवर पॅसिफिककडूनही कॅरिबियनमध्ये यायला वाट उघडी होती, म्हणजे तुझ्या डिंभांनाही. खूश? फार नको होऊस, डिंभांचं गणित तुझ्या बाजूने तरीही सुटत नाही. गच्चीवर तू नकाशा उलटा धरला होतास, हे मी विसरलेलो नाही.

तुझ्या बदलीचं कळलं. घर मिळालं का? आईंना नमस्कार.

लेबल शुक्रवारी द्यायचंय. 'टेथिसचे वारसदार' असं ठणकावून लिहू, की पुढे 'बहुधा' घालू? एका वाक्यात कळव. एका वाक्यात, बंड्या. तुला ते आजवर जमलेलं नाही.

तुझा,
अण्णा