इमारतीतल्या लाँड्रीबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत भाडेकरूंसाठी वॉशिंग मशिनं बसवायचा तुझा विचार मला पटला. पण कुठलं मशिन घ्यायचं ते शेवटी ठरव. आधी खोलीतलं सांडपाणी कुठे जातं ते बघ. मशिनचा पंप पाणी एकदम बाहेर फेकतो. दोन मशिनं एकाच वेळी रिकामी झाली आणि पाइप अरुंद निघाला, तर फेस जाळीतून वर येऊन खोलीभर पसरतो. ड्रेनचा उभा पाइप निदान 50 मिमीचा आणि जमिनीपासून 60 ते 90 सेमी उंच हवा. मशिनची नळी त्याहून खाली सोडली, तर सायफनने पाणी भरता भरता ओढलं जातं आणि नळ चालूच राहतो. पाण्याचं बिल अचानक वाढलं, तर पहिल्यांदा हेच तपास.

प्रत्येक मशिनला वेगळं सर्किट, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) घे. लोक ओल्या हातांनी बटणं दाबणार, तेव्हा इथे काटकसर अजिबात नको.

दर ठरवायची घाई करू नकोस. लाँड्रीला विजेचा आणि पाण्याचा स्वतंत्र सबमीटर लाव, महिनाभर आकडे लिहून ठेव. फ्रंट लोड मशिनला एका धुण्याला साधारण 50-60 लिटर पाणी लागतं. थंड पाण्यात वीज फारशी जळत नाही, 60 अंशांवर मात्र युनिटच्या आसपास जाते. ड्रायर तर एका खेपेला तीन-चार युनिट घेतो. दोघांना एकच दर लावलास, तर धुण्यातली कमाई ड्रायर गिळतो. बहुतेक नवख्यांचा हिशेब इथेच फसतो.

घरगुती मशिन स्वस्त पडतं, पण दिवसभराच्या खेपांत त्याचं बेअरिंग लवकर जातं, आणि व्यावसायिक वापराला त्याची वॉरंटी बहुधा लागू होत नाही. मशिन बसवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत ना, हे स्वतः बघ. ते राहिले तर स्पिनला मशिन अक्षरशः जागेवरून चालत सुटतं. ड्रायरच्या जाळीत साचलेला कापूस प्रत्येक खेपेनंतर काढायचा, अशी पाटी लाव. बाहेर हवा नेणारा पाइप गुळगुळीत धातूचाच घाल. प्लॅस्टिकच्या पाइपच्या वळ्यांत साचलेला कापूस पेट घेऊ शकतो.

ड्रेनचा व्यास आणि मीटरवरचा मंजूर भार मोजून कळव, म्हणजे किती मशिनं झेपतील ते ठरवू.

तुझे बाबा