कुडाळ-वेंगुर्ला गाडीच्या कंडक्टर ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिणार आहे, हे फोनवर सांगितलं तेव्हा तुमची एकच अट होती. "लिही, पण माझा नाव घालू नको. डेपोत सगळे चिडवतले." म्हणून नाव नाही, बिल्ला नंबर नाही. कुडाळहून वेंगुर्ल्याला जाणारी दुपारची गाडी, खाकी ड्रेस आणि अंबाड्यात अबोलीचा वळेसर (गजरा), एवढ्यावर ज्यांना ओळख पटायची त्यांना पटू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी सोलापूरची, नोकरीला पुण्यात. सुट्टी जमली की एखादं लहान शहर धरायचं आणि एकटीने पायी पालथं घालायचं, हा माझा नाद. कोकणात माणसं येतात ती समुद्रासाठी. मलाही समुद्र आवडतो, पण तासाभराने माझे पाय बाजारपेठेकडे वळतात. चिऱ्याची जुनी शाळा कोणी बांधली, नगरपालिकेच्या कोनशिलेवर कोणाचं नाव आहे, मासळीचा लिलाव कोण पुकारतं, असल्या गोष्टींत मला रस. रत्नागिरीत माझ्या बरोबरीने उतरलेले सगळे गणपतीपुळ्याला निघाले, तेव्हा मी थिबा राजवाड्यात रेंगाळत होते. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० साली आणि १९१६ साली राजा वारला. म्हणजे रत्नागिरीतली बहुतेक वर्षं बिचाऱ्याची घर बांधून होण्याची वाट बघण्यातच गेली.

त्या राजवाड्याबाहेर एका गृहस्थांनी मला विचारलं, "कोणाकडे आलात?"

ताई, हा प्रश्न मला कोकणभर विचारला गेला. एकट्या पुरुषाला "कुठून आलात?" विचारतात आणि एकट्या बाईला "कोणाकडे?". विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. पण "कोणाकडेच नाही, शहर बघायला आलेय" असं उत्तर दिलं की समोरचं माणूस घुटमळतं. मला कुठल्या खणात ठेवायचं ते त्याला कळत नाही. मग गप्पा तिथेच संपतात. घराच्या पडवीवर बसून कोणी तरी जुन्या बंदराबद्दल सांगत असतं, ते एकदम "बरं, चालू द्या" म्हणून उठतं.

तुम्ही मला भेटलात ते या प्रश्नाने मी वैतागले होते तेव्हा. कुडाळला रेल्वेने उतरून मी आधी पिंगुळीला गेले होते, ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या बघायला. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी. तिथून रस्त्यावर आले, लाल गाडी दिसली, हात केला. गाडी थांबली.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तरी तिची स्टेशनं बहुतेक ठिकाणी गावापासून लांब, आणि वेंगुर्ला तर तिच्या वाटेवरच नाही. पुढचा सगळा प्रवास एसटीच्या भरवशावर. तुम्ही तिकिटाचं मशीन घेऊन आलात. अर्धं तिकीट हातात ठेवलंत. (१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यावर लोक काय काय बोलतात ते तुम्ही रोज ऐकत असाल. मी एवढंच म्हणेन की या सवलतीनंतर गाड्यांमध्ये मला बायका जास्त दिसायला लागल्या, आणि भरलेल्या गाडीत एकटी बाई एकटी राहत नाही.) मी तयारीत होते की आता "एकटीच?" येणार. तुम्ही विचारलंत, "फुडे कशान जातलंस?"

पुढे कशाने जाणार! उतरल्यावर लॉज किती लांब, रिक्षा मिळते का, उद्या कुठे, परतीला कुठली गाडी. तुम्हाला माझ्या एकटेपणाचं काही पडलं नव्हतं, माझ्या जोडगाडीचं पडलं होतं. वाटेवरचं मठ गाव मागे पडेपर्यंत तुम्ही माझ्या तीन दिवसांच्या बेतातले दोन दिवस मोडीत काढून नव्याने लावून दिले होतेत, आणि मधे मधे दोरी ओढून माणसं उतरवत होतात.

लॉजचा प्रकार थोडक्यात उरकते. फोनवर खोली ठरली होती. काउंटरवर गेल्यावर "सिंगल लेडीजना देत नाही, सोबत जेन्ट्स कोण?" असं झालं. भांडून खोली मिळाली असती कदाचित, पण भांडून मिळवलेल्या खोलीत रात्री झोप लागत नाही. पाठीवर सॅक घेऊन मी परत स्टँडवर. तुम्ही हिशोब भरून बाहेर पडत होतात. "काय गो, परत?" मी सांगितलं.

तुम्ही लॉजवाल्याला शिव्या दिल्या नाहीत. "अगं बाई, एकटीने कशाला फिरायचं" हेही म्हणाला नाहीत. पर्समधून फोन काढलात आणि तुमच्या काकींना लावलात. तुमच्या त्या बोलण्यातलं मला अजून आठवतं ते एकच: भाडं. "फुकट नाय. पैसे घेतलेच पायजेत, नायतर ता येवचा नाय." रात्रीचं किती, सकाळच्या पेजेचं किती, हे माझ्यासमोर ठरवून मगच फोन ठेवलात. हे तुम्ही जाणून केलंत की सवयीने, मला माहीत नाही. फुकट ठेवून घेतलं असतं तर मी काकींची उपकृत पाहुणी झाले असते, दिवे लागायच्या आत घरी परतायचं बंधन आपोआप आलं असतं. भाडं दिल्यामुळे मी माझ्या वेळेला जाऊ-येऊ शकले.

रिक्षात बसवताना तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. "कोणी इचारल्यान तर काकीचा नाव सांग. तिच्याकडे इलंय म्हणान सांग."

दुसऱ्या दिवशीपासून वेंगुर्ला माझ्याशी बोलायला लागलं. बाजारात ओल्या काजूगरांचे वाटे मांडून बसलेल्या बाईने "कोणाकडे?" विचारलं, मी काकींचं नाव सांगितलं, आणि तिने गोणपाट सरकवून मला शेजारी बसवलं. गर कसा काढतात ते दाखवलं. कोयतीवर बी धरायची, मधोमध चीर द्यायची, गर अखंड बाहेर आला पाहिजे, तुटला तर वाट्यात वरती दिसत नाही असा खाली सरकवायचा. टरफलातला डिंक लागून तिच्या बोटांची कातडी काळी पडून सोलवटली होती. राख चोळून काम करते म्हणाली. इथलं फळ संशोधन केंद्र काजूच्या ‘वेंगुर्ला’ जातींसाठी देशभर माहीत आहे हे मी कुठेतरी वाचलं होतं. तिने झाडांची नावं न घेता नंबरच घेतले. "आमचा चार नंबर, जावेचा सात." नातेवाइकांची चौकशी करावी तशी ती झाडांची करत होती.

वेंगुर्ल्यालाही क्रॉफर्ड मार्केट आहे हे मुंबईच्या मैत्रिणीला अजून खरं वाटत नाही. डचांची वखार मी दोनदा बघितली. सतराव्या शतकातली, आता पडझडीला आलेली, भिंतींत झाडं शिरलेली. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा बाहेरच्या बाहेर परतले, कारण आत चिटपाखरू नव्हतं आणि मला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्यांदा काकींच्या शेजारच्या मुली क्लासवरून येताना बरोबर आल्या. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, तिथेही तुम्हीच पाठवलंत. आणि नगरपालिकेचा कचरा डेपो! "आमचो कचरो बघून जा" असं तुम्ही म्हणालात तेव्हा चेष्टा वाटली होती. गेले तर घाण वास नाही, बाग केलेली, ओला-सुका वेगळा करून त्यातून खत आणि गॅस. सुट्टीत कचरा डेपो बघायला जाणारी बाई म्हणून ऑफिसात माझं नाव झालंय, त्याचं श्रेय तुमचं.

काकींचं सांगायलाच हवं. पहिल्या रात्री त्यांनी विचारलं, "घोव खंय आसता?" लग्न झालेलं नाही म्हटलं. "बरां," म्हणाल्या, आणि कुळथाची पिठी वाढली. विषय संपला. पुण्यात माझ्या सोसायटीत हा विषय अजून चालू आहे.

आता वहीचं मागचं पान. निघायच्या आदल्या दिवशी स्टँडवर चहा पिताना तुम्ही त्यावर गाड्या लिहून दिल्यात. वेळापत्रक चौकशीच्या खिडकीतही मिळतं. पण तुम्ही प्रत्येक गाडीपुढे लिहिलंत की त्यात कोण असतं. सकाळची शिरोडा: "शाळेच्या बाई, नर्स." दहाची सावंतवाडी: "बाजाराच्या बाया, जागा गावाची नाय" (म्हणजे मिळायची नाही). एका संध्याकाळच्या गाडीपुढे नुसतं "रिकामी जाता, नको." अप-डाऊन करणाऱ्या बायका कुठल्या गाडीत असतात हे ज्या बाईला कळलं, तिला निम्मा जिल्हा मोकळा झाला. शिरोड्याच्या त्या गाडीत एका शिक्षिकेने मला स्वतःहून मिठागरांचा रस्ता दाखवला. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, हेही शाळेत सांगतात तसं खडखडीत सांगितलं. सावंतवाडीला मोती तलावाकाठी उतरून राजवाड्यात गंजिफा, म्हणजे रंगवलेले जुने पत्ते, बघितली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पानं असतात. आणि चितार आळीत भाच्यासाठी लाकडी फळं घेतली.

त्याच पानावर कोपऱ्यात तुम्ही आणखी एक यादी केलीत, जी आभारपत्रात कोणी लिहीत नाही. कुठल्या स्टँडवरचं बाथरूम बरं, कुठे कडी नाही, कुठे किल्ली कंट्रोलरकडे मागावी लागते, कुठल्या हॉटेलात चहा घेतला की मागे जाऊ देतात. किल्ले, देवळं, समुद्रकिनारे कोणीही सांगतं. एकट्या बाईचा दिवसभराचा रस्ता मात्र या यादीवर ठरतो. मी वर्षानुवर्षं सकाळी पाणी न पिता फिरले आहे. कोकणातल्या उकाड्यात त्याने काय होतं ते तुम्ही आठ तासांच्या ड्युटीवर रोज अनुभवत असणार, म्हणून तर ती यादी तुमच्याकडे तयार होती.

एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकते. काकींचं नाव उसनं घेतल्यावर सगळी दारं उघडली याचा मला आनंद झाला, तसा थोडा रागही आला. मी तीच होते, आदल्या दिवशीचीच. कोणाची तरी झाल्याशिवाय बाईला गाव बघता येऊ नये, हे काही बरोबर नाही. तुम्हाला हे फोनवर म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "बरोबर नाय ता नायच. पण गाडी सुटता." बरोबर होईपर्यंत थांबले असते तर मी अजून स्टँडवरच असते, हे मला मान्य आहे. माझ्या दोन मैत्रिणींना आता तुमच्या काकींचा नंबर दिला आहे, भाडं आगाऊ पाठवायला सांगून.

वहीच्या पानावरची सावंतवाडीची वेळ बदलली आहे असं एकीने कळवलंय, ती तेवढी तपासून सांगा. आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मला दशावतार बघायचा आहे, रात्रभर बसून, दहीकाला होईपर्यंत. काकी म्हणतात देवळात बायका कुठे बसतात ते त्या दाखवतील. उजाडल्यावर कुडाळला जाणाऱ्या पहिल्या गाडीत कोण कोण असतं, ते मात्र काकींना सांगता आलं नाही. तुमची ड्युटी त्या गाडीवर लागली तर कळवा.

तुमची,
पिंगुळीला हात केलेली