आगरवाड्याच्या मिठाला जागून

प्रिय काका, काकू आणि भाचेबुवा,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरला सुखरूप पोचलो. काका, निघताना तुम्ही आमच्या विजेवरच्या गाडीची बॅटरी बघून विचारलं होतं, "घाटाक पुरतली मगो?" पुरली. सावंतवाडीत चहाला थांबलो तेव्हा थोडी भरूनही घेतली. येताना आंबोली उतरलो तेव्हा बॅटरी तीन टक्के वाढली होती आणि पोरांनी गाडीत टाळ्या पिटल्या होत्या. जाताना त्याच घाटाने अठरा टक्के खाल्ले. उसनं दिलेलं व्याजासकट वसूल करणारा घाट आहे तो.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, त्याला कारण आहे. तो पांढरा प्लग, जो भाचेबुवांनी पक्कडीने तोडला, तो माझ्या शिफारशीवरून आणखी तिघांनी मागवला होता. तुमचे आभार आणि माझी चूक, दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

तुम्हाला आमची अर्धीच गोष्ट माहीत आहे. 2021 साली घेतलेली नेक्सॉन, बॅटरी 30.2 किलोवॉट-तासाची. कागदावर एका चार्जमध्ये 312 किलोमीटर, पण एसी लावून, चार माणसं आणि सासूबाईंच्या दोन पिशव्या घेऊन 200 मिळाले तरी आम्ही खूश असतो. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत गोव्यात मांद्र्यात उतरलो तेव्हा 14 टक्के उरले होते. मध्ये कुठेतरी थांबायला हवं होतं. पण रिसॉर्टवाल्याने फोनवर "चार्जिंग आहे मॅडम" असं ठासून सांगितलेलं. होतं की! पाटी होती, पार्किंगच्या जागेवर हिरवा रंगही मारला होता, आणि मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती. मग त्यांनी बारमागच्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून एक लांबलचक एक्स्टेन्शन काढून दिलं. वीस मिनिटांत ती वायर इतकी तापली की मीच काढून टाकली. सुट्टीचे पैसे भरलेले, समुद्र समोर, आणि मी रात्रभर फोनवर चार्जर शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात मानकुराद घ्यायला थांबले ते निव्वळ योगायोगाने. आंबे निवडताना सासूबाईंनी आमचं रडगाणं काकूंना ऐकवलं. आतून काकांचा आवाज आला, "बाय, गाडी हांगा हाड. विहिरीच्या पंपाला पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे." ओळख ना पाळख. आम्ही आंब्याचा भाव अजून ठरवत होतो.

संध्याकाळी गाडी तुमच्या मागच्या अंगणात लावली, चार्जर जोडला, आणि लाल दिवा. अर्थिंग नाही, म्हणजे गळलेली वीज जमिनीत उतरवणारी तार कामाची नाही. हा चार्जर वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासतो, नसलं तर हटून बसतो. तेव्हा मी मोठ्या ऐटीत पिशवीतून तो प्लग काढला. ऑनलाइन मिळतो, दोन-चारशे रुपयांना. मध्ये लावला की दिवा हिरवा होतो. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

भाचेबुवा, तुम्ही तेव्हा नुकतेच कामावरून आला होता, हातात चहाचा कप. "ताई, ह्याच्यात काय आहे?" मला माहीत नव्हतं. आजवर तो दोनदा वापरला होता आणि आत काय आहे हे मला माहीत नव्हतं! तुम्ही स्क्रूड्रायव्हरने तो उघडला. आत बोटभर वायर. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची पिन आणि अर्थिंगची पिन एकमेकींना जोडलेली, बस्स. चार्जरला वाटतं अर्थिंग आहे. प्रत्यक्षात गाडीची बॉडी न्यूट्रलला बांधलेली असते, आणि वाटेत कुठे न्यूट्रल सुटली की अख्खी गाडी 230 व्होल्टला.

मग तुम्ही काही न बोलता टेस्टर पंपाच्या सॉकेटमध्ये घातला. उजव्या भोकात फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार हवी. टेस्टर पेटला डावीकडे. कुणीतरी कधीकाळी वायरी उलट्या जोडल्या होत्या, पंपाला त्याने फरक पडत नव्हता. म्हणजे माझा प्लग लावला असता तर न्यूट्रल सुटायची वाटसुद्धा बघावी लागली नसती, जोडताक्षणीच गाडीच्या बॉडीत वीज आली असती. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे काही उडालं नसतं, ट्रिप झालं नसतं, दिवा छान हिरवा राहिला असता. आणि माझी धाकटी समुद्रावरून ओल्या अंगाने, अनवाणी पळत येऊन दार उघडायला गेली असती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती चार्जिंगच्या काळजीने नव्हे.

तुम्हाला तिथेच हात झटकता आले असते. "होत नाही ताई, पणजीला जावा" म्हणाला असता तरी मी दुवाच दिली असती. तुम्ही कप ठेवला आणि अर्थिंगच्या तारेमागे निघाला. शंभरचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये धरला तर काजव्याएवढा उजेड. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य हवं तिथे 41 व्होल्ट. विहिरीच्या कठड्यामागे जमिनीतून पाइप वर आलेला, आणि त्याच्यावरच्या क्लॅम्पला हात लावला तर त्याचा भुगा. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला. वरून मे महिना, वाळू कोरडी ठाक, आणि कोरड्या वाळूतून वीज जमिनीत उतरत नाही हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. क्लॅम्प नवा, तार तांब्याची, सॉकेटच्या वायरी सुलट. पाइपभोवती खणून काढलं. काका सायकलवरून पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे जाऊन भट्टीतला कोळसा घेऊन आले. आणि मीठ! घरात आगरवाड्याच्या मिठागरातलं खडेमीठ पोतंभर होतं, काकूंनी ते लोणच्यासाठी राखलेलं. त्यातलं अर्धं खड्ड्यात गेलं. कोळशाचा थर, मिठाचा थर. मीठ ओल धरून ठेवतं म्हणून. मिठानेच क्लॅम्प खाल्ला आणि मिठानेच आम्हाला सोडवलं. माझ्या दोन्ही पोरांनी विहिरीतून बारा बादल्या ओतल्या, आणि काकू मागून ओरडत होत्या, "बांय सुकयतले मरे तुमी!" विहीर आटवाल म्हणून. मे महिन्यातलं पाणी, त्यांचं खरंच होतं. तरी तेरावी बादली त्यांनीच आणून दिली.

मीटर दोन व्होल्टवर आला. पावणेदहाला दिवा हिरवा झाला. सासूबाईंनी गाडीला नमस्कार केला. कुणाला करायला हवा होता ते त्यांनाही कळत होतं, पण सासूबाईंचा स्वभाव तसाच आहे.

काका, रात्री एकला वीज गेली तेव्हा तुम्ही उठून सोप्यावर बसून राहिलात, आणि परत आल्यावर दिवा हिरवा झाला का ते पाहूनच आत गेलात, हे मला सकाळी काकूंनी सांगितलं. आम्ही रिसॉर्टच्या एसीत होतो. पोदेराचा भोंगा वाजत होता तेव्हा मी तुमच्या दारात आले, 91 टक्के. तुमच्या मीटरवर सव्वीस युनिट वाढले होते, मी आकडा लिहून घेतला होता. पैसे पुढे केले तर "पयशे नाका." आंब्यांचे मात्र काकूंनी पूर्ण घेतले, डझनामागे दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत. मला ते फार आवडलं.

त्या 91 टक्क्यांत आम्ही तेरेखोल पाहिलं, मंगेशीला जाऊन आलो, आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा तुमच्याच अंगणात. त्या वेळी बल्ब लावून अर्थिंग मी तपासलं, भाचेबुवा नुसते बघत उभे होते.

घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं. पार्किंगमधल्या सॉकेटला बल्ब धरला. आमच्या सोसायटीचं अर्थिंगही तुमच्या विहिरीमागच्यासारखंच निघालं, आणि इथे समुद्र नाही, त्यामुळे दोष द्यायला वारासुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात नवीन खड्डा होतोय. त्या तिघांनाही फोन केले. दोघांनी प्लग फेकला, तिसरा वाद घालतोय. हे पत्र त्याला पाठवणार आहे.

काकू, गूळ पाठवलाय, आणि लोणच्यासाठी मीठ मात्र तुम्हालाच आणावं लागेल, कोल्हापूरला तसलं मिळत नाही. त्याच खोक्यात 30 मिलीअँपिअरची एक आरसीसीबी आहे, भाचेबुवांनी ती पंपाच्या सॉकेटआधी बसवावी. गळती झाली तर क्षणात वीज तोडते, आणि त्या पंपाला काकू ओल्या हाताने बटण लावतात हे मी दोनदा पाहिलंय.

पार्सल मिळालं की कळवा. आणि पाऊस पडेपर्यंत पाइपापाशी आठवड्याला एक बादली ओतत जा.

तुमची,
लाल दिव्याच्या गाडीवाली ताई