खोक्यावरचे ३०० वॉट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दिवाळी खरेदीच्या पुरवणीत घरगुती म्युझिक सिस्टीमविषयी एक चौकट आली होती. ‘जितके वॉट जास्त, तितका आवाज मोठा आणि स्वच्छ’ असं त्यात छापलं होतं. याच समजुतीवर मागच्या वर्षी मी पैसे घातले आणि चार महिने मुलांचं शिकणं बिघडवलं. म्हणून हे पत्र.

मी २७ वर्षं सहकारनगरात तबल्याचा वर्ग चालवते. संध्याकाळच्या तुकडीत आठ मुलं असतात. पूर्वी पेटीवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती धून, धरायला शेजारचे एक आजोबा यायचे. त्यांचे हात थकले तेव्हापासून रेकॉर्ड केलेला लेहरा लावावा लागतो. मोबाइलचा आवाज आठ तबल्यांत बुडून जातो, मुलांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही. एका ओळखीच्यांनी त्यांचे वापरलेले बुकशेल्फ स्पीकर दिले, पाच इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या पडद्याचे), चांगल्या स्थितीतले. स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, म्हणजे अँप, तेवढा घ्यायचा होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने तळहाताएवढा डबा पुढे ठेवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘३०० वॉट’. म्हणाला, “मॅडम, तुमचे स्पीकर १०० वॉटचे आहेत, हा अँप त्यांना पुरून उरेल.” बत्तीसशे रुपये दिले आणि घरी आले.

एकटीने ऐकताना सगळं छान वाटलं. मुलं बसली, कायदा (तबल्यावरची एक रचना) सुरू झाला, आवाज वाढवला, तशी लेहऱ्यातली पेटी फाटायला लागली. आणखी वाढवला की आवाज क्षणभर तुटायचा आणि परत यायचा. द्रुत लयीत मधलीच एक मात्रा गायब झाली तर शिकणाऱ्याचं काय होतं, हे तबला वाजवणाऱ्याला सांगायला नको. मी स्पीकरला दोष दिला, मग वायरला. दुकानदार म्हणाला, स्पीकर जुने झालेत, बदला.

एका विद्यार्थिनीचे वडील भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतात. मुलीला न्यायला आले होते. त्यांनी अँपकडे पाहिलंसुद्धा नाही, भिंतीतला अडॅप्टर काढून त्याच्या पाठीवरचं बारीक लेबल वाचलं. १२ व्होल्ट, २ अँपिअर. “ताई, १२ गुणिले २ किती?” चोवीस. “म्हणजे भिंतीतून आतच २४ वॉट येताहेत. बाहेर ३०० कुठून येणार?”

हा गुणाकार मी त्या दिवसापासून विसरलेले नाही. दुकानात उभ्या उभ्या, काहीही न उघडता करता येतो, आणि खोक्यावरच्या खोट्या आकड्याला एवढ्यानेच उत्तर मिळतं. पुढचं गणित त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दिलं. अशा अँपला १२ व्होल्ट दिले, तर ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध) एका स्पीकरला तो न फाटता जास्तीत जास्त ९ वॉट देऊ शकतो. व्होल्टचा वर्ग करायचा, १४४, आणि ओहमच्या दुपटीने, १६ ने भागायचा. त्यापुढे आवाज वाढवला की लहरींचे माथे सपाट होतात, त्यालाच आपण फाटणं म्हणतो. अडॅप्टर जास्तच ताणला गेला की तो स्वतःला वाचवायला क्षणभर बंद पडतो. माझी हरवलेली मात्रा तिथे गेली होती.

आत टीपीए ३११६ नावाची चिप निघाली. स्वस्त छोट्या अँपमध्ये ती सर्रास असते आणि चिप म्हणून चांगली आहे. तिच्या तांत्रिक कागदावर दर चॅनेलला, म्हणजे एका बाजूच्या स्पीकरला, ५० वॉट लिहिलेले आहेत, पण ते ४ ओहमच्या स्पीकरवर, २१ व्होल्ट दिल्यावर आणि १० टक्के विकृती, म्हणजे आवाजातला बिघाड, धरून. लेहऱ्याच्या पेटीत १० टक्के विकृती कोणालाही ऐकू येईल. पन्नासचे दोन्ही बाजूंचे मिळून शंभर होतात. उरलेले दोनशे वॉट कुठून आले, याला दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. माझ्या वयाच्या वाचकांना टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेटवर) छापलेले पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारो वॉट आठवत असतील. तीच सवय अजून चालू आहे.

आता स्पीकरकडे येते, कारण पुरवणीतली खरी चूक तिथे आहे. स्पीकरवरचे १०० वॉट म्हणजे तो देतो ती ताकद नव्हे, तो सोसू शकतो ती. किती ताकदीला किती आवाज निघेल, हे दुसरा आकडा सांगतो, संवेदनशीलतेचा. माझ्या स्पीकरच्या पाठीवर तो होता, मी कधी वाचलाच नव्हता: ८५ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. एका वॉटवर, एका मीटरवरून ८५ डेसिबल. त्यापुढे ३ डेसिबल वाढवायचे तर ताकद दुप्पट लागते, ६ साठी चौपट, १० साठी दहापट. माझे ९ वॉट म्हणजे एका मीटरवर साधारण साडेचौऱ्याण्णव, बस. खोली १२ बाय १६, शेवटचा मुलगा स्पीकरपासून चार मीटरवर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल गळतात, म्हणजे चार मीटरपर्यंत १२. बंद खोलीत भिंती त्यातलं थोडं परत देतात. पण त्या मुलाच्या मांडीपुढे त्याचा स्वतःचा तबला वाजतोय आणि शेजारी सात.

माझ्याजवळ ९१ डेसिबलचे स्पीकर असते, तर त्याच अँपने मला चौपट ताकदीएवढा आवाज मिळाला असता. अँप आणि स्पीकर जुळवणं म्हणतात ते हेच, आणि खोक्यावरच्या वॉटमध्ये ते कुठेच दिसत नाही.

मात्र ८५ म्हणजे स्पीकर हलका, असं कोणी समजू नये. स्पीकरचा छोटा डबा, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, एक सोडावी लागते. बीबीसीने १९७०च्या दशकात आपल्या स्टुडिओबाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी एलएस थ्री फाइव्ह ए हा छोटा स्पीकर बनवला. त्याची संवेदनशीलता जेमतेम ८२.५, तरी मानवी आवाजासाठी जाणकार आजही त्याचं नाव घेतात. माझ्या स्पीकरमध्ये बायांचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमार आणि मींड (सुराची सरक) जशी येते, तशी वर्गातल्या आधीच्या मोठ्या स्पीकरमध्ये कधी आली नाही. स्पीकर बदलायला मी नाही म्हटलं ते यासाठी.

उपाय साधा निघाला. अँपच्या मागे ‘१२ ते २४ व्होल्ट’ असं लिहिलेलं होतं, म्हणून २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घेतला. व्होल्ट दुप्पट, ताकद चौपट: ९ चे ३६ वॉट. फाटणं गेलं, तुटणं गेलं. (अँपवर तसं लिहिलेलं नसेल, तर कृपा करून कोणी २४ व्होल्ट लावू नयेत. आतले कपॅसिटर फुटू शकतात.) ओहमही बघावेत. अँप किमान ८ ओहमचा असेल आणि स्पीकर ४ चे, तर तो तापतो. शिवाय ४ ओहमवर तेच २.८३ व्होल्ट २ वॉट होतात, त्यामुळे त्या स्पीकरचा डेसिबलचा आकडा वॉटच्या हिशोबाने ३ ने फुगलेला असतो.

एक चूक माझीही होती. डाव्या स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. एका स्पीकरचा पडदा बाहेर जाताना दुसऱ्याचा आत जायचा, आणि बायां खोलीतून निघून गेल्यासारखा वाटायचा. तरी महिनाभर माझ्या लक्षात आलं नाही. स्पीकरच्या डब्याच्या पाठीला भोक असल्यामुळे स्पीकर भिंतीला टेकवल्यावर खर्ज नुसता घुमायचा. हातभर पुढे ओढले आणि फरशीवर सतरंजी टाकली, तशी ‘ना’ या बोलाची चाट (तबल्याच्या कडेवरचा आवाज) सुटी ऐकू यायला लागली. काही पालकांना मुकुंदनगरला सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात ऐकतात तसा तबला घरी हवा असतो. तिथल्या ध्वनिवर्धकांना मैदान भरायचं असतं. वर्गात मला बोटाचा फरक ऐकवायचा असतो.

आता विनंती. ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी आणि दुकानदारांनाही आपल्या पानातून सांगावं: अँपवर सलग मिळणारे वॉट, ते किती ओहमला आणि किती विकृतीला, सोबतच्या अडॅप्टरचे व्होल्ट व अँपिअर, स्पीकरवर संवेदनशीलता आणि ओहम. पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागात हे मावतं. मी ते पुठ्ठ्यावर लिहून वर्गाच्या दारामागे लावलं आहे. या आठवड्यात दोन पालक त्याचा फोटो काढून घेऊन गेले, एक जण तिथूनच दुकानात.

आपली,
एक तबला शिक्षिका
सहकारनगर, पुणे