सूचना : साध्या दुखण्यासाठी कॅज्युअल्टी नको

सर्व सभासदांना नमस्कार.

सर्दी-खोकला, ड्रेसिंग बदलणे, बीपीच्या गोळ्या पुन्हा लिहून घेणे यासाठी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जाऊ नये. तिथे गंभीर रुग्ण आधी घेतात. आपण बाकड्यावर ताटकळतो, खासगीत बिल वेगळंच. फॅमिली डॉक्टर किंवा मुंबई महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ गाठा. दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. घरबसल्या सल्ला हवा असेल तर ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सेवा आहे, तीही मोफत.

जाताना जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटं न्या, रिकामी का होईना. ‘ती छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरला औषध कळत नाही!

मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बेशुद्धी असं काही दिसलं तर ताबडतोब रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.

– सचिव