वीस पटाच्या आतल्या शाळेतून शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ना. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, अनुदान आणि निर्णयाचा अधिकार

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट वीसच्या बराच आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर पत्राचं उत्तर मला येण्याऐवजी खुलाशाची नोटीस मुख्याध्यापकांना येईल, आणि त्या बाईंना आधीच कागद पुष्कळ आहेत.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी कोकणचं कौतुक होतं. कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. २०१२ पासून राज्यात पहिला नंबर या मंडळाचा. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकणचा ९८.८२. पेढे वाटणाऱ्या या मुलांपैकी कितीतरी जणांनी पहिलं अक्षर गिरवलं ते वाडीवरच्या दोन खोल्यांच्या कौलारू शाळेत. त्याच शाळा आज सरकारी भाषेत ‘कमी पटाच्या’ झाल्या आहेत.

पट कमी का झाला, याचं उत्तर जनगणनेत आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. राज्याची वाढत असताना आमची घटली. माणसं मुंबईला गेली, पुण्याला गेली, आता दोडामार्ग-सावंतवाडीची पोरं रोज सकाळी गोव्यात कामाला जातात. जी घरं उरली त्यातल्या काहींनी मुलं व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी माध्यमात घातली, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण शाळेचा पट पडला म्हणजे शाळा वाईट, हा निष्कर्ष ज्या सहजतेने काढला जातो तो आम्हाला मान्य नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे, म्हणजे जवळपासच्या कमी पटाच्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली. तेव्हा शिक्षण खातं ज्यांच्याकडे होतं ते दीपक केसरकर आमच्याच जिल्ह्याचे, सावंतवाडीचे. त्यामुळे डोंगर आणि व्हाळ (ओढा) म्हणजे काय हे मंत्रालयात कुणाला ठाऊकच नव्हतं असं म्हणायची सोय आम्हाला नाही. त्या वेळचे आकडे आम्ही पाठ केले आहेत. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांतली मुलं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. म्हणजे एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. सहा मुलांमागे एक शिक्षक! वित्त विभागातल्या कुणालाही हा आकडा खटकेल. मलाही पहिल्यांदा खटकला होता.

मात्र हाच आकडा उलट बाजूने वाचा. पावणेदोन लाखांहून जास्त मुलं अशा ठिकाणी राहतात जिथे त्यांच्या वयाची आणखी मुलंच नाहीत. त्यांच्यासाठी लागणारा दुसरा शिक्षक हा चैनीचा खर्च नाही. तो अंतराचा खर्च आहे. धरणावर, घाटरस्त्यावर, दुर्गम भागातल्या विजेच्या तारांवर सरकार असा खर्च करतंच, आणि तिथे कुणी दर खांबामागे ग्राहक किती हे विचारत नाही.

अंतराचं थोडं सविस्तर लिहितो, कारण मंत्रालयातल्या नकाशावर ते दिसत नाही. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं नियम सांगतो. आमच्या वाडीपासून पुढची शाळा त्याच्या फार पलीकडे नाही. फक्त मधे व्हाळ आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टपर्यंत त्यावरचा साकव (छोटा पूल) पाण्याखाली जातो, आणि मग रस्त्याने वळसा घालून जायचं तर वाट कितीतरी लांबते. दोडामार्गाच्या बाजूला तर रानटी हत्ती फिरतात; तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला एक किलोमीटर म्हणजे काय ते त्याच्या आईला विचारावं. केंद्राच्या २०१० च्या शिक्षणहक्क नियमांत यासाठी स्पष्ट तरतूद आहे : अवघड प्रदेश, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव असेल तिथे ही मर्यादा कमी करून शाळा ठेवा, मुलांना धोका होता कामा नये. म्हणजे आम्ही मागतोय ती सवलत नाही. आमच्या एका सभेत समूह शाळेच्या गाडीचा विषय निघाला तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने एवढंच विचारलं, “गाडी इली नाय तर चेडवाक कोण पोचवतलो?” गाडी आली नाही तर मुलीला कोण पोचवणार? साहेब लोकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आता पैशाचं. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटाच्या टप्प्यांवर ठरतं. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, पुढे शंभरपर्यंत २५,०००, असं वर चढत जातं. दहा हजारांतले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. उरलेले नऊ हजार म्हणजे महिन्याला साडेसातशे. त्यात खडू, रजिस्टर, वीजबिल, नळाची तोटी, आणि मेअखेर छपराची शाकारणी. कौलं मुलं मोजून गळत नाहीत, महोदय. नव्वद मुलांच्या शाळेचं छप्पर आणि नऊ मुलांच्या शाळेचं छप्पर एकाच पावसाला तोंड देतं. वर हा निधी खात्यात अनेकदा मार्चच्या तोंडावर येतो, तो एकतीस तारखेच्या आत खर्चायचा असतो, आणि जून उजाडला की पुन्हा खिसा रिकामा. मग आम्ही मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला फोन लावतो. चाकरमान्यांनी वह्या दिल्या, पंखे दिले, एकाने प्रोजेक्टर दिला. उपकार आहेत त्यांचे. पण ज्या गावाचं मंडळ नाही त्या गावाने काय करायचं? २०२५ च्या सुरुवातीला पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा राज्याचा निधी बंद झाला तेव्हाही लोकसहभागाकडे बोट दाखवलं गेलं. लोकसहभाग हा शब्द आमच्याकडे आता पावती पुस्तकासारखा वाजतो.

गंमत अशी की कायदा वेगळंच सांगतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असायचा. आम्ही दरवर्षी आराखडा करतो. पालक बसतात, भांडतात, संडासाचं दार आधी की कुंपण आधी यावर मतं पडतात. आराखडा फाइलीत जातो आणि अनुदान पटाच्या तक्त्यावरून येतं. दोघांची भेट होत नाही.

शिक्षकांच्या बाबतीतही तक्ता तोच. कायद्याच्या अनुसूचीत साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितले आहेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याच्या, निर्णयाने वीसपर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक ठेवून जोडीला गरजेप्रमाणे निवृत्त शिक्षक अशी वाट काढली. मग सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका जागी महिना १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं; शिक्षक रस्त्यावर उतरले, आणि काही महिन्यांत तो निर्णय रद्द झाला. एकशिक्षकी शाळा कशी चालते ते सांगतो. बाई आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला गेल्या की शाळा बंद, मतदारयादीच्या कामाला गेल्या की शाळा बंद, बाईंचं मूल आजारी पडलं की शाळा बंद. त्यात आमच्याकडे घाटावरून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट पाहत असतात. त्यांना दोष देत नाही, कुणालाही आपल्या आईबापांजवळ राहावंसं वाटतं. पण ते गेल्यावर जागा भरायला दोन-दोन वर्षं लागतात, आणि आमच्याच तालुक्यातली डी.एड. झालेली मुलं मात्र काजूच्या कारखान्यात हिशेब लिहीत बसतात.

गुणवत्तेबद्दल बोललं पाहिजे. लहान शाळा म्हणजे आपोआप चांगली शाळा, असं मी म्हणत नाही. चार वर्ग एका खोलीत शिकवणं ही वेगळी कला आहे. ज्या बाईंना ती साधते त्यांच्याकडे दुसरीतलं पोर तिसरीचं गणित कानावर पडून शिकतं. ज्यांना साधत नाही त्यांच्याकडे तीन वर्ग फळ्यावरचं उतरवून घेत बसतात. या कलेचं वेगळं प्रशिक्षण फारसं कुणी देत नाही, प्रशिक्षणं सगळी एका वर्गाला एक शिक्षक धरून होतात. आणि मोजमाप? पायाभूत चाचणी होते, संकलित होते, गुण ऑनलाइन भरले जातात, शाळेची टक्केवारी निघते. आमच्या तिसरीत तीन मुलं आहेत. तिघांना वाचता आलं तर शंभर टक्के; परीक्षेच्या दिवशी एकाला ताप आला तर सदुसष्ट. पुढच्या वर्षी ऊसतोडीहून परतलेलं किंवा मुंबईहून मधेच आलेलं एक पोर दाखल झालं की आलेख पुन्हा कोसळतो. अशा टक्केवारीवरून शाळांची क्रमवारी लावणं म्हणजे तीन थेंबांवरून पाऊस मोजणं आहे. मोजायचंच असेल तर प्रत्येक मुलाची पहिली ते चौथी अशी सलग नोंद पाहा. साडेबारा मुलांच्या शाळेत ते सहज जमतं, मोठ्या शाळेत जमत नाही.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. मार्च २०२२ मध्ये आमच्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. निवडणुका इतक्या लांबल्या की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत त्या घ्या असं सांगावं लागलं. वर उल्लेखलेल्या तारखा पुन्हा पाहा. समूह शाळेचं पत्र, संचमान्यतेचा निर्णय, कंत्राटी शिक्षक, सगळं त्या काळातलं. प्राथमिक शिक्षण ज्या संस्थेकडे आहे तिच्या शिक्षण समितीत तेव्हा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. सदस्य म्हणजे देवमाणसं होती असं नाही. बदल्या ऑनलाइन होण्याआधी त्यांच्या ओट्यावर कोण कोण बसलेलं असायचं ते आम्ही पाहिलंय. तरी शाळा बंद करायचा ठराव आला तर गावात तोंड दाखवायचं आहे, ही भीती त्यांना होती. प्रशासकाला ती नसते. त्याची तीन वर्षांत बदली होते.

वरून ठरवलेलं काय होतं हे गणवेशाने दाखवलंच. समिती गावातल्या शिंप्याकडून मापं घेऊन गणवेश शिवून घेत होती, ते थांबवून २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच कापड, एकच पुरवठा झाला. कुणाला बाही लांब, कुणाला चड्डी आखूड, कित्येकांना अर्धं वर्ष काहीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारनेच अधिकार पुन्हा समित्यांना दिला. चूक मागे घेतली, आनंद आहे. पण गणवेश उसवून पुन्हा शिवता येतो. शाळेची इमारत दोन पावसाळे बंद राहिली की तिचं छप्पर खाली येतं, आणि मग पट वाढला तरी परत उघडायला काही उरत नाही.

म्हणून मागणी ही. वीसच्या आतल्या ज्या शाळेपासून दुसरी शाळा पावसाळ्यात सुरक्षित चालत गाठता येत नाही, त्या शाळेला पट कितीही असो, दोन नियमित शिक्षक आणि शाळा विकास आराखड्यानुसार अनुदान देणारा शासन निर्णय काढा. ‘चालत गाठता येते का’ हे उपग्रहाच्या नकाशावरून ठरवू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी समितीच्या दोन पालकांबरोबर जुलैमध्ये ती वाट चालावी आणि तिघांच्या सह्या घ्याव्यात. समायोजन, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिळवणं, करायचंच असेल तर समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव बंधनकारक करा, ‘मत विचारात घेतले’ एवढ्यावर भागवू नका. काही वाड्या स्वतःहून हो म्हणतील. जिथे दोनच मुलं उरलीत तिथल्या पालकांनाही आपलं पोर एकटं खेळतंय हे दिसतं.

आपण मालेगावचे, शेतकऱ्यांत वावरणारे. शाळा पाहायला आपण येता असं वाचतो. इकडे आलात तर गणेशोत्सवात येऊ नका, तेव्हा वाडी चाकरमान्यांनी भरलेली असते आणि सगळं छान दिसतं. आषाढात या.

आमची पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. त्याआधी लेखी उत्तर मिळालं तर ते सभेपुढे वाचून इतिवृत्तात नोंदवता येईल.

आपला,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
एक वाडी, जिल्हा सिंधुदुर्ग